शाबासकी कोण देतो?

१० डिसेंबर २०२५ रोजी ऑस्ट्रेलियात सोळा वर्षांखालील मुलांना इन्स्टाग्राम, फेसबुक, टिकटॉक, यूट्यूब, एक्स अशा माध्यमांवर स्वतःचे खाते ठेवण्यास मनाई करणारा कायदा लागू झाला आणि आपल्याकडच्या एका जुन्या वादाला नवे निमित्त मिळाले. गोव्यात सरकारी पातळीवर अशाच निर्बंधाचा विचार बोलून दाखवला गेला आणि मद्रास उच्च न्यायालयानेही केंद्राला अशा कायद्याची शक्यता पडताळून पाहण्यास सुचवले. तरुण मुले धर्माच्या, जातीच्या किंवा राष्ट्राच्या नावाने हिंसेकडे वळतात त्याला समाजमाध्यमे किती जबाबदार, हा या वादातला सर्वांत गंभीर प्रश्न आहे. त्यावरची मराठी चर्चा मात्र दोन ठरलेल्या वाक्यांपलीकडे जात नाही. एक पक्ष म्हणतो की मोबाइलने पोरांची डोकी फिरवली, तो काढून घ्या. दुसरा म्हणतो की मोबाइल हे नुसते साधन आहे, घरात संस्कार असतील तर पोरगा बिघडत नाही. पहिल्याला बंदी हवी असते, दुसऱ्याला प्रवचन, आणि दोघांनाही चर्चा तासाभरात संपवायची असते.

या दोन्ही पक्षांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र आहे: दार लावून घेतलेली खोली, अंगावर पांघरूण आणि हातातल्या पडद्याकडे बघत हळूहळू विष पिणारा एकटा मुलगा. माझ्या मते चूक या चित्रातच आहे. अतिरेकी विचाराकडे वळणारा तरुण जवळजवळ कधीच एकटा नसतो. त्याला बघणारे, त्याला ‘वाघ आहेस’ म्हणणारे, त्याने आणखी एक पाऊल पुढे टाकावे म्हणून वाट पाहणारे लोक असतात आणि त्यांतले बरेचसे त्याच्यापेक्षा वयाने मोठे असतात. समाजमाध्यमांनी हा प्रेक्षकवर्ग निर्माण केला नाही. त्यांनी तो प्रचंड वाढवला, चोवीस तास हजर ठेवला आणि त्याच्या टाळ्यांवर धंदा उभा केला. म्हणून मुलगा किती तास पडद्यासमोर बसतो यापेक्षा त्याला शाबासकी कोण देतो, कशाबद्दल देतो आणि त्या शाबासकीची किंमत कोणी मोजतो का, हे विचारायला हवे. वयाची अट या प्रश्नाला हातच घालत नाही.

यावर जे आक्षेप येतील ते हलके नाहीत. ब्रिटनच्या एमआय-५ या गुप्तचर संस्थेच्या प्रमुखांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगितले की दहशतवादाच्या संदर्भात त्यांची संस्था ज्यांची चौकशी करत आहे त्यांपैकी १३ टक्के अठरा वर्षांखालील आहेत आणि तीन वर्षांत हे प्रमाण तिप्पट झाले आहे. फेसबुकच्या २०१६ सालच्या एका अंतर्गत सादरीकरणात असा निष्कर्ष होता की अतिरेकी गटांत होणाऱ्या प्रवेशांपैकी ६४ टक्के प्रवेश कंपनीच्याच शिफारस यंत्रणेमुळे होतात. २०२० मध्ये ही गोष्ट वृत्तपत्रांतून बाहेर आली. १५ मार्च २०१९ रोजी न्यूझीलंडमधल्या ख्राइस्टचर्च शहरात दोन मशिदींवर हल्ला करून ५१ जणांचा जीव घेणाऱ्याने ते हत्याकांड फेसबुकवर थेट प्रक्षेपित केले आणि पुढच्या चोवीस तासांत कंपनीला त्या चित्रफितीच्या पंधरा लाख प्रती काढून टाकाव्या लागल्या. तीन वर्षांनी, १४ मे २०२२ रोजी, अमेरिकेतल्या बफेलो शहरात अठरा वर्षांच्या एका मुलाने किराणा मालाच्या मोठ्या दुकानात दहा कृष्णवर्णीयांना ठार मारले. कोविडच्या काळात कंटाळा आला म्हणून आपण फोरचॅन हे संकेतस्थळ चाळू लागलो, असे त्याने लिहून ठेवले होते आणि ख्राइस्टचर्चचा मारेकरी त्याचा आदर्श होता. या दोघांपाठी शपथ देणारी संघटना नव्हती, शस्त्र पुरवणारा म्होरक्या नव्हता. मग यांना एकटे म्हणायचे नाही तर काय म्हणायचे?

तरीही हा पुरावा नीट वाचला तर तो दुसरीकडेच बोट दाखवतो. ज्याला हल्ल्याचे प्रक्षेपण करावेसे वाटते त्याला एकटा कसे म्हणणार? प्रक्षेपण प्रेक्षकांसाठीच असते. ते प्रेक्षक आपल्याला ओळखतील, आपल्या लिखाणातले टोमणे त्यांना कळतील आणि आपले नाव ते पुढे चालवतील, याची ख्राइस्टचर्चच्या मारेकऱ्याला खात्री होती. बफेलोने ती खरी ठरवली. दुसरी गोष्ट वयाची. ख्राइस्टचर्चचा हल्लेखोर अठ्ठावीस वर्षांचा होता आणि बफेलोचा अठरा. सोळाच्या अटीने दोघांपैकी एकाच्याही खात्याला हल्ल्याच्या दिवशी धक्का लागला नसता. बीज आधीच पडते, हे मला मान्य आहे. पण मग ते कुठे पडते तेही पाहावे. बफेलोच्या मुलाने आपली खासगी टिपणे डिस्कॉर्ड या गप्पांच्या ॲपवर लिहिली होती, आणि ऑस्ट्रेलियाचा कायदा लागू झाला तेव्हा त्याच्या यादीत डिस्कॉर्ड नव्हते. व्हॉट्सॲपही नव्हते. महाराष्ट्रात गेल्या दहा-बारा वर्षांत ज्या अफवांनी आणि चित्रांनी माणसे मेली, त्यांतली बरीचशी ज्या वाटेने गेली ती वाट मोकळी ठेवणारा कायदा आपण जसाच्या तसा उचलणार असू, तर त्यातून साधायचे काय?

शिफारस यंत्रणेचा प्रश्न मात्र इतक्या सहज निकाली निघत नाही. सरळमार्गी माणसाला यूट्यूब एकेक पायरी करत अतिरेकी विचारांच्या तळघरात नेते, अशी एक समजूत रूढ आहे. अमेरिकन प्रेक्षकांच्या प्रत्यक्ष वापराचा अभ्यास करून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात वेगळे चित्र दिसले: अतिरेकी वाहिन्या पाहणारे लोक थोडे होते, त्यांच्या मनात स्त्रियांबद्दल आणि इतर वंशांबद्दल आधीपासूनच मोठी चीड होती आणि ते बहुतेक वेळा स्वतः सदस्य होऊन किंवा बाहेरच्या दुव्यावरून तिथे पोचले होते. ‘माध्यम निर्दोष आहे’ म्हणणाऱ्यांनी हा निष्कर्ष लगेच उचलला. पण यूट्यूबने आपली शिफारस यंत्रणा २०१९ मध्ये बदलली होती आणि या अभ्यासातला वापर त्यानंतरचा होता, हे सांगायला ते विसरतात. म्हणजे यंत्रणा बदलता येते आणि ठरवले तर कंपनी ती बदलतेही, हाही त्याच पुराव्याचा अर्थ आहे. शिवाय अमेरिकेतला निष्कर्ष भारताला जसाच्या तसा लावता येत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये फेसबुकच्या एका संशोधकाने भारतातल्या वापरकर्त्याच्या नावाने चाचणी खाते उघडले आणि यंत्रणा जे सुचवील ते पाहत जायचे, एवढेच केले. मध्येच पुलवामाचा हल्ला झाला आणि त्या खात्याचे पान, म्हणजे फीड, द्वेषाने आणि प्रेतांच्या छायाचित्रांनी भरून गेले. आयुष्यभरात पाहिले नव्हते इतके मृतदेह या तीन आठवड्यांत पाहिले, असे त्या संशोधकाने आपल्या टिपणात लिहिले. त्या खात्याच्या मनात कसली चीड असणार? हे टिपण कंपनीच्या ज्या अंतर्गत कागदपत्रांत होते ती २०२१ मध्ये बाहेर आली; त्यांच्यानुसार खोट्या माहितीची छाननी करण्यासाठीच्या तरतुदीतला ८७ टक्के वाटा एकट्या अमेरिकेसाठी होता आणि उरलेल्या सगळ्या जगाला मिळून १३ टक्के. हा हिशेब अपुरा असल्याचा खुलासा कंपनीने केला. पण मराठी, हिंदी, तेलुगू, बंगाली बोलणाऱ्या कोट्यवधी लोकांचे पान कोण वाचते, हा प्रश्न त्या खुलाशाने सुटत नाही.

तेव्हा कंपन्यांना सोडून द्या, असे मी म्हणत नाही. पण माध्यमाला मूळ कारण मानण्याची सवय कुठे नेते, हे मराठी माणसाला तरी माहीत असायला हवे. २२ जून १८९७ रोजी पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड या प्लेग अधिकाऱ्यावर गोळी झाडली. प्लेगच्या नावाखाली सोजिरांनी पुण्यातल्या घरांत शिरून जे केले त्याचा संताप साऱ्या शहरात धुमसत होता. सरकारने मात्र बोट दाखवले ते ‘केसरी’कडे. टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरून त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. १९०८ आणि १९१० मध्ये वृत्तपत्रांचे गळे आवळणारे कायदे आले, तरी त्यांच्या मधल्याच वर्षी, २१ डिसेंबर १९०९ रोजी, नाशिकच्या नाट्यगृहात अनंत कान्हेरेने कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या; तेव्हा तो अठराच्या आसपास होता. क्रांतिकारी कटांची चौकशी करणाऱ्या रौलट समितीच्या १९१८ च्या अहवालाची सुरुवातच मुंबई इलाख्यापासून होते: चापेकर, गणेशोत्सव, शिवजयंती आणि ‘केसरी’तले लेख. तरुण पोरांना कोणीतरी वाचून दाखवले आणि पोरे बिघडली, हा त्या अहवालाचा सूर आहे. प्लेगच्या झडत्यांवर तेवढाच विचार झाला असता तर कदाचित त्या अहवालाची गरजच पडली नसती. चापेकरांची तुलना मी बफेलोच्या मारेकऱ्याशी करत नाही. परकी सत्तेविरुद्धचा संताप आणि बाजारहाट करणाऱ्या निःशस्त्र माणसांवरचा द्वेष यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. तुलना आहे ती राज्यकर्त्यांच्या निदानाची. छापखान्याला दोष दिला की झडत्यांचे उत्तर द्यावे लागत नाही.

अर्थात हे साम्य एका जागी तुटते, आणि ती जागा महत्त्वाची आहे. ‘केसरी’चा अंक सगळ्यांच्या हाती सारखाच पडत असे, तात्यांना एक अग्रलेख आणि नानांना दुसरा, असे होत नव्हते. अग्रलेखाला संपादक होता आणि तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहून ‘हे मी लिहिले’ म्हणत होता. आजच्या फीडला संपादक आहे, पण तो स्वतःला संपादक म्हणवून घेत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ७९ माध्यम कंपनीला इतरांच्या मजकुराबाबत संरक्षण देते, कारण ती नुसती वाहक आहे असे गृहीत धरलेले असते. पोस्टमन पत्रे वाटतो तोवर हे गृहीत योग्यच आहे. पण पोस्टमनच ठरवू लागला की अमुक घरात राग जास्त आहे, तिथे रागाचीच पत्रे आधी टाकू, तर तो नुसता वाहक कसा राहील? मजकूर कोणाचा हे महत्त्वाचे आहेच. तो न मागता समोर कोणी ठेवला, हेही तितकेच महत्त्वाचे मानले गेले पाहिजे.

आता प्रेक्षकांकडे येऊ. समाजमाध्यमांशिवाय तरुण अतिरेकी होऊ शकत नाहीत, असे ज्यांना वाटते त्यांनी महाराष्ट्रातली तीन अगदी वेगळी प्रकरणे शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा खून २० ऑगस्ट २०१३ रोजी झाला. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली, तिघांना निर्दोष सोडले आणि निकालात नोंदवले की शिक्षा झालेले दोघे या कटाचे सूत्रधार नाहीत, सूत्रधार दुसराच कोणी आहे आणि त्याच्यापर्यंत पोचण्यात तपास यंत्रणा अपयशी ठरल्या. डिसेंबर २०२३ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या पडघ्याजवळ एनआयए या राष्ट्रीय तपास यंत्रणेने छापे घातले. तिथे आयसिसच्या नावाने तरुणांना बैअत, म्हणजे निष्ठेची शपथ, दिली जात होती आणि ती देणारा माणूस मुंबईतल्या २००२-०३ च्या बॉम्बस्फोटांच्या खटल्यात शिक्षा भोगून आलेला होता, असा त्या यंत्रणेचा आरोप आहे. तिसरे गडचिरोली. तिथे माओवाद्यांनी ज्या काळात मुले-मुली दलमात, म्हणजे आपल्या सशस्त्र तुकडीत, ओढली त्या काळात अनेक गावांत मोबाइलची रेंज नव्हती. उलट मनोरे जाळणे हा त्यांचा कार्यक्रम होता. गोंडी गाणी, नाचाचे पथक, गावात येऊन बसणारा दादा आणि वनरक्षकाच्या किंवा ठेकेदाराच्या अन्यायाची ताजी आठवण, एवढे भांडवल पुरत होते. तिन्ही ठिकाणी विचार वेगळे आणि शत्रूही वेगळे. सारखे काय आहे? विश्वासातला एक मोठा माणूस, एक लहान गट आणि ‘तू निवडलेला आहेस’ ही भावना.

या युक्तिवादाला सर्वांत अवघड जाणारे प्रकरण ‘बुली बाई’चे आहे. १ जानेवारी २०२२ रोजी गिटहब या संकेतस्थळावर शंभराहून अधिक मुस्लिम स्त्रियांची छायाचित्रे ‘लिलावा’साठी मांडलेली आढळली, त्यांत पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. मुंबईच्या सायबर पोलिसांनी काही दिवसांतच बंगळूरमधून एकवीस वर्षांचा अभियांत्रिकीचा विद्यार्थी आणि उत्तराखंडमधून अठरा वर्षांची एक मुलगी अशा अटका केल्या. दिल्ली पोलिसांनी आसाममधून आणखी एका विद्यार्थ्याला पकडले. वेगवेगळ्या राज्यांतली, मुख्यतः टोपणनावांनी एकमेकांना ओळखणारी ही मुले. कोणी दादा नाही, शपथ नाही, गाव नाही. इथे तरी पडदाच गुरू होता ना? अंशतः होता. पण सहा महिने मागे जा. जुलै २०२१ मध्ये याच पद्धतीने ‘सुल्ली डील्स’ नावाचा प्रकार झाला होता. त्या स्त्रियांनी तक्रारी केल्या, गुन्हे नोंदवले गेले आणि जानेवारी उजाडेपर्यंत एकही अटक झाली नाही. त्या सहा महिन्यांत अठरा-वीस वर्षांची मुले काय शिकली असतील? असे केले तर टोळक्यात नाव होते, हसू मिळते, फॉलोअर वाढतात आणि होत काहीच नाही. त्यांना मिळालेली सर्वांत मोठी शाबासकी ही शासनाच्या मौनाची होती. मुंबई पोलिसांना दिवसांत जे जमले ते आधी इतरांना महिन्यांत जमले नाही. तंत्रज्ञान तेच होते, कायदाही तोच होता. बदलली ती इच्छा.

कोल्हापूरचे उदाहरण याहून घरचे. जून २०२३ मध्ये, शिवराज्याभिषेक दिनाच्या सुमारास, टिपू सुलतानचे चित्र आणि आक्षेपार्ह मजकूर असलेली काही व्हॉट्सॲप स्टेटस ठेवली गेली. ७ जूनला बंदची हाक आली, छत्रपती शिवाजी महाराज चौकात हजारोंचा जमाव लोटला, दगडफेक झाली, लाठीमार आणि अश्रुधूर झाला आणि इंटरनेट बंद करण्यात आले. राजर्षी शाहूंच्या नगरीत हे घडावे याचे दुःख अनेकांनी बोलून दाखवले; स्टेटस या वस्तूकडे मात्र कोणी फारसे निरखून पाहिले नाही. स्टेटस साधारणपणे ज्यांच्या आणि आपल्या फोनमध्ये एकमेकांचे नंबर साठवलेले असतात त्यांनाच दिसते. चोवीस तासांत ते आपोआप नाहीसे होते. एखाद्या पोराने ठेवलेले स्टेटस मित्र, चुलतभाऊ, क्लासमधली मुले, दुकानदार अशा शे-दोनशे लोकांना दिसले असेल. ते हजारोंपर्यंत नेण्यासाठी त्यांतल्याच कुणाला तरी स्क्रीनशॉट काढावा लागतो, त्यावर लाल वर्तुळ करावे लागते, ‘आता तरी जागे व्हा’ असे लिहावे लागते आणि तो ठरावीक ग्रुपवर ठरावीक वेळी टाकावा लागतो. त्या पोराचे काम एका क्षणाचे आहे. या दुसऱ्या माणसाचे काम सवयीचे आहे. गुन्हा पहिल्यावर नोंदवला जातो, दुसरा चौकात पुढे उभा असतो. त्याआधी, जून २०१४ मध्ये, हडपसरला फेसबुकवरच्या विटंबनेच्या छायाचित्रांवरून शहर पेटले आणि नमाजाहून परतणाऱ्या एका संगणक अभियंत्याला जमावाने ठार मारले. त्या पोस्टशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. खटल्यातले सारे आरोपी २०२३ मध्ये निर्दोष सुटले. मग मारले कोणी, याचे उत्तर आजही नाही, आणि पुढच्या जमावाने यातून काय बोध घेतला असेल ते वेगळे सांगायला नको.

इथे संस्कारवाल्यांनाही दोन शब्द. कोणत्याही तालुक्याच्या गावी एस.टी. स्टँडसमोरचा फ्लेक्स पाहा. वर नेत्याचा मोठा चेहरा, त्याखाली गॉगल लावलेले ‘युवा नेतृत्व’ आणि सर्वांत खालच्या ओळीत नखाएवढे वीस-पंचवीस चेहरे. हे चेहरे ज्यांचे आहेत त्यांना नोकरी नाही, शेतीत भागत नाही, लग्न जमत नाही. पण चौकात फोटो लागला आहे. कोयता घेऊन रील करणारा पोरगा काही आकाशातून पडत नाही, तो या फ्लेक्सचाच धाकटा भाऊ आहे. त्याला मान हवा असतो आणि मान मिळवण्याचे जे मार्ग आपण मोठ्यांनी खुले ठेवले आहेत त्यांत मिरवणुकीपुढे ओरडणे हा सर्वांत स्वस्त आहे. घरच्या ग्रुपवर सकाळी सुविचार आणि दुपारी द्वेषाचा व्हिडिओ पाठवणारे काका निवृत्त आहेत, सुशिक्षित आहेत आणि सोळा वर्षांचे तर नक्कीच नाहीत. मुलांसाठी बंदीची मागणी करताना आपण त्यांना सोयीस्करपणे विसरतो.

मग उपाय पोलिसांचा का? तिथेही जपून. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदवर पालघरच्या एका तरुणीने फेसबुकवर चार ओळी लिहिल्या, तिच्या मैत्रिणीने त्या पसंत केल्या आणि दोघींनाही अटक झाली. त्या प्रकरणाने हादरून एका विद्यार्थिनीने सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि २४ मार्च २०१५ रोजी माहिती तंत्रज्ञान कायद्याचे, ऑनलाइन आक्षेपार्ह मजकुराबद्दल शिक्षा सांगणारे, कलम ६६-अ रद्द झाले. मजकुरावर बोट ठेवण्याचा अधिकार यंत्रणेच्या हाती दिला की तो आधी कोणावर चालतो, हे पालघरने दाखवून दिले आहे.

मजकुराला हात न लावता वेग कमी करता येतो, याचाही पुरावा आपल्याच मातीतला आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून भिक्षेकरी नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. अशा घटनांच्या मालिकेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे केले, आणि अशा संदेशांचा प्रवास ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीनेच सांगितले. कोणाचे पत्र उघडले नाही, कोणाला अटक केली नाही. पाच माणसे मरण्याआधी हे का सुचले नाही, असे विचारण्याचा हक्क मात्र आपल्याला आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास आणि त्यांना लक्ष्य करून जाहिरात करण्यास मनाई केली आहे. त्याच न्यायाने वर्तन बघून मजकूर पुढे ढकलण्याच्या यंत्रणेला जबाबदार धरायला आणि भारतीय भाषांतल्या छाननीवर किती माणसे नेमली याचा जाहीर हिशेब मागायला काय हरकत आहे? कंपन्या म्हणतील, हे महाग पडेल. पडू द्या.

आणि जो पोरगा आधीच अर्ध्या वाटेवर आहे त्याचे काय? मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेकरूंच्या जथ्याबरोबर बगदादला गेले आणि तिथून आयसिसला जाऊन मिळाले. एकमेकांना ओळखणारे चौघे. पडद्यावरचा प्रचार त्यांनी पाहिला होता, पण घर सोडले ते सोबतीने. त्यांतला एक सहा महिन्यांनी परत आला. तिथे आपल्याला लढायला न देता हलकीसलकी कामे करायला लावली, असे त्याने चौकशीत सांगितल्याचे तेव्हा छापून आले होते. मुले नाहीशी झाल्यावर पोलिसांकडे गेले ते त्यांचे कुटुंबीय. पुढे महाराष्ट्राच्या दहशतवादविरोधी पथकाने, म्हणजे एटीएसने, या वाटेला लागलेल्या तरुणांना अटक न करता, घरच्यांना आणि धर्माच्या जाणकारांना बरोबर घेऊन, समजावून मागे फिरवण्याचे काम केले. या कामाचे कौतुक होते, अनुकरण मात्र फारसे होत नाही, आणि ते झाले तेही एकाच धर्माच्या मुलांपुरते. तलवारी वाटणाऱ्या, गोरक्षेच्या नावाने रात्री गाड्या अडवणाऱ्या, कुणाच्या तरी फोटोखाली ‘ठोकून काढा’ लिहिणाऱ्या मुलांच्या आयांसाठी असे कोणते दार उघडे आहे? पोराच्या फोनमध्ये काहीतरी भलतेच दिसले तर त्या आईने कोणाकडे जावे? पोलिस ठाण्यात गेली तर एका समाजातल्या आईला यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याची भीती वाटते. दुसऱ्या समाजातल्या आईला ‘अहो, पोरगा धर्मासाठीच करतोय ना’ असे ऐकावे लागते. यांतल्या पहिलीला पोराला न गमावता मदत मिळाली पाहिजे आणि दुसरीची तक्रार कोणीतरी गांभीर्याने लिहून घेतली पाहिजे. त्यासाठी ऑस्ट्रेलियाकडे पाहण्याची गरज नाही. एटीएसने जे एकदा करून दाखवले ते जिल्ह्याजिल्ह्यांत, दोन्ही बाजूंच्या मुलांसाठी आणि गुन्हा नोंदवण्याच्या आधी सुरू करावे लागेल.